पिंपाचे बूच, शिशीची गुडदी

तळटीप (धागाकर्ता)

राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराची गेल्या महिन्यात आवराआवर केली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या दुकानाची शके १८५६ची चोपडी सापडली. रॉकेल, खोबरेल, काथ्या, खिळे, चुना आणि थोडी औषधे असे सर्व काही एकाच छपराखाली विकणारे ते खेडेगावचे दुकान होते. चोपडी मोडीत आहे आणि मला मोडी अडखळतच वाचता येते. त्यामुळे एकेक पान लावायला संध्याकाळ जाते. त्यातल्या एका पानावर दुकानासाठी आणलेल्या सामानाच्या यादीत ओळीने तीन नोंदी आहेत : ‘पिंपाची बुचे २. शिशीच्या गुडद्या १ डझन. दट्ट्या १.’

आज यांपैकी पहिल्या दोन वस्तूंना आपण बिनदिक्कत ‘बूच’ म्हणू. तिसरीला काय म्हणू, हे ती वस्तू पाहिल्यावरच ठरेल. पणजोबांना मात्र तीन शब्द लागत होते आणि हिशेबाच्या वहीत माणूस शब्दांची हौस भागवत नाही. म्हणजे त्यांच्या लेखी पिंपाचे ते बूच आणि बाटलीची ती गुडदी, हा भेद व्यवहारातला होता.

आता पिंपाविषयी थोडेसे. लाकडी पिंपाला साधारणतः दोन भोके असतात. एक पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर असते. त्यातून पिंप भरतात, आणि पिंप आडवे ठेवले की ते भोक आभाळाकडे तोंड करून राहते. दुसरे चपट्या बाजूवर खाली असते. तेथे तोटी बसते. बूच हे पहिल्या भोकाचे. ते निमुळते लाकडी असते आणि ओले राहिले की फुगून घट्ट बसते. म्हणून भरलेले पिंप मधूनमधून असे लोळवत की आतला द्रव बुचाला लागावा.

माझी समजूत अशी आहे की, बूच हा मुळात झाडाचा शब्द असावा. ज्याची साल मऊ आणि भेंडासारखी असते ते बुचाचे झाड, त्या सालीपासून केलेले ते बूच, आणि पुढे लाकडाचे, रबराचे किंवा पत्र्याचे केले तरी नाव तेच राहिले. जाणकारांनी या शब्दाच्या अर्थांवर प्रकाश टाकावा. आपापल्या घरात, गावात किंवा धंद्यात हा शब्द कोणत्या वस्तूसाठी वापरतात तेही अवश्य लिहावे.

मांडवीकाठ

उत्तम विषय. पिंप आणि बूच हे दोन्ही शब्द आमच्या गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आले असावेत, असे म्हणायला सबळ आधार आहे. पिंप म्हणजे पोर्तुगीज ‘पिपा’, अर्थात दारूचे मोठे लाकडी पीप. हिंदीतला ‘पीपा’ही तोच. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात ‘पिपा’ हे आजही वाइनचे माप आहे आणि ते सुमारे ५५० लिटरांचे धरतात. ज्या जहाजातून पीप आले त्याच जहाजातून त्याचे बूचही आले असणार, कारण बुचाशिवाय पीप म्हणजे नुसते ओंडके.

पोर्तुगीजमध्ये ‘बुशा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ भोकात कोंबायचा बोळा, दट्ट्या, गच्च भरलेला गोळा. जुन्या तोफेत दारू आणि गोळा यांच्यामध्ये चिंध्यांचा किंवा काथ्याचा जो बोळा ठासत, तोही बुशाच. भिंतीत स्क्रू पक्का बसावा म्हणून आपण ड्रिलच्या भोकात जी प्लास्टिकची नळी ठोकतो, तिलाही पोर्तुगीज गवंडी बुशाच म्हणतो. तोंडात एकदम कोंबलेला पावाचा घासदेखील बुशा, आणि ब्राझीलमध्ये अंग घासायच्या घोसाळ्याच्या जाळीला हेच नाव आहे. या सर्वांत समान काय आहे ते पाहा : कोंबणे. झाडाचा किंवा सालीचा मागमूस कोठेही नाही.

फ्रेंचांचा ‘बुशों’ हाही त्याच कुळातला. त्याचा अर्थ बाटलीचे बूच आणि वाहतुकीची कोंडी, दोन्ही.

शब्दच्छल

मांडवीकाठ यांची माहिती रंजक आहे. परंतु मराठीतल्या प्रत्येक शब्दाला जहाजात बसवण्याची घाई करू नये. पोर्तुगीज शब्दाचा उच्चार ‘बुशा’ आहे, तर मराठीत ‘बूश’ किंवा ‘बुसा’ व्हायला हवे होते. तेथे ‘च’ कोठून आला? उलट ‘बुचडा’, ‘बोचके’, ‘बुचकळणे’ असे अस्सल देशी शब्द आपल्याकडे आहेत. केसांचा बुचडा म्हणजे गच्च आवळलेली गाठ आणि बोचके म्हणजे गच्च बांधलेले गाठोडे. बूच या घराण्यात अगदी सहज बसते. आपल्याच अंगणातला शब्द सापडत असताना लिस्बनपर्यंत जाण्याची गरज काय?

मांडवीकाठ

‘च’चे उत्तर ‘चावी’त आहे.

किल्लीला आपण चावी म्हणतो. तो पोर्तुगीज ‘शाव्ह’ आहे, याविषयी कोणाचाही वाद नाही. लिस्बनचा माणूस आज त्याचा उच्चार ‘श’ने करतो, परंतु सोळाव्या शतकात या शब्दातल्या ‘ch’ या अक्षरजोडीचा उच्चार ‘च’ असाच होता. पुढे तो बदलत जाऊन ‘श’ झाला. पोर्तुगालच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात जुना ‘च’ अजूनही ऐकू येतो. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या २०५ वर्षांच्या पहिल्या भागात जे शब्द कोकणपट्टीत उतरले, त्यांनी जुना उच्चार जपून ठेवला. म्हणून चावीत ‘च’ आहे आणि बुचातही ‘च’ आहे. खुद्द लिस्बनकर विसरले तो आवाज आपल्या स्वयंपाकघरातल्या बाटलीत बंद होऊन राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

शब्दच्छल

मग काडतूस? तोही ‘कार्तुशु’ या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे आपलीच मंडळी सांगतात. त्यात तीच अक्षरजोडी आहे. नियम खरा असेल तर ‘काडतूच’ व्हायला हवे होते.

तळटीप

शब्दच्छल यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मीही चोपडी बाजूला ठेवून दोन दिवस काडतुसावरच विचार करत होतो.

मला असे वाटते की, काडतूस थेट पोर्तुगीजांकडून आले असे धरण्याचे कारण नाही. हिंदुस्थानीत ‘कारतूस’ आहे आणि फ्रेंचांत ‘कार्तूश’ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या फौजांमध्ये फ्रेंच बोलणारे अधिकारी होते. महादजी शिंद्यांच्या पलटणी १७८४पासून उभ्या करणारा दे बॉयन हे त्यांतले ठळक नाव. लष्करी शब्द त्या वाटेने आला असेल तर त्यात ‘श’चा ‘स’ होणे स्वाभाविक आहे. चावी आणि बूच हे घरगुती शब्द दोनशे वर्षे आधीचे, तर काडतूस हे छावणीतले आणि उशिराचे. शिवाय काडतुसाने नियम मोडतो असे मानले, तरी बूच आणि बुशा यांच्या अर्थात जो तंतोतंत मेळ आहे तो ‘बुचडा’शी जुळवताना ओढाताण करावी लागते. बुचडा बाहेरून आवळला जातो. बूच आत कोंबले जाते. क्रियाच उलटी आहे.

‘बोळा’ मात्र या शब्दाचा खरा देशी भाऊ आहे. मोरीच्या भोकाला बोळा, कानात कापसाचा बोळा, तोंडात बोळा कोंबणे. ‘मी काही बोळ्याने दूध पीत नाही’ असे आपण ठणकावतो तेव्हा तोंडात धरलेला दुधाचा बोळाच डोळ्यांसमोर असतो. पोर्तुगीज बुशाचे मराठी भाषांतर करायचे झाले तर मी डोळे मिटून ‘बोळा’ लिहीन.

रानवाटा

तळटीप यांच्या मूळ लेखातील झाडाविषयीचा परिच्छेद दुरुस्त करणे आवश्यक आहे. अनेक जण तीच चूक करतात.

बुचाचे झाड म्हणून आपण जे ओळखतो ते ‘आकाशनिंब’, शास्त्रीय नाव मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस. ते मूळचे ब्रह्मदेश आणि त्यापलीकडच्या आग्नेय आशियातले असून आपल्याकडे बागांत आणि रस्त्यांच्या कडेला लावले गेले. नावातील ‘हॉर्टेन्सिस’चा अर्थच बागेतले असा आहे. हे नाव धाकट्या लिनियसने १७८२ साली टॉमस मिलिंग्टन या इंग्रज वैद्याच्या स्मरणार्थ दिले. झाड उंच, सरळसोट आणि ठिसूळ असते. वादळात पहिल्यांदा त्याच्याच फांद्या पडतात. साल पिवळट करडी, उभ्या भेगांची आणि बोटाने दाबली तर किंचित दबणारी. पावसाळा सरल्यावर रात्री फुले उमलतात आणि सकाळी झाडाखाली पांढरा सडा पडलेला असतो. पुण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना त्या वासाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फुलाचा देठ म्हणजे वस्तुतः बोटभर लांबीची नाजूक नळीच असते आणि अशा नळ्या एकमेकींत गुंफून, सुईदोरा न घेता, मुली वेणी करतात. माझ्या बहिणीची ती वेणी शाळेत पोहोचेपर्यंत तपकिरी पडायची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेचायला जायची.

आता मुद्द्यावर येतो. खरे बूच या झाडाचे नव्हेच. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील एका ओक वृक्षाच्या सालीचे असते आणि जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते. झाड साधारण २५ वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल सोलतात. पण ती खडबडीत असते. त्यानंतर दर ९ वर्षांनी सोलतात आणि बाटलीला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेपासून मिळते, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. ही साल आपल्याकडे महाग पडत असल्याने तिच्याऐवजी आकाशनिंबाच्या सालीची हलक्या प्रतीची बुचे करून पाहिली गेली. त्यावरून त्या झाडाला ‘बुचाचे झाड’ म्हणू लागले. म्हणजे झाडावरून बुचाला नाव पडले नाही. बुचावरून झाडाला पडले.

तळटीप

रानवाटा यांचे मनापासून आभार. माझी उतरंड पार उलटी लागली होती, आणि ती सुलटी केल्यावर जे दिसते ते मला फार विलक्षण वाटते.

इंग्रजीतला ‘कॉर्क’ हा पदार्थाचा शब्द आहे. आधी साल, मग त्या सालीची वस्तू. पोर्तुगीज तर याहून काटेकोर : साल वेगळी, बाटलीचे बूच वेगळे, बुशा वेगळा, आणि प्रत्येकाला आपापला शब्द, सालीला ‘कुर्तीसा’ म्हणतात आणि बाटलीच्या बुचाला ‘रोल्या’. ज्या देशात तो वृक्ष उभा आहे तेथे असे असणे साहजिकच आहे. आपल्याकडे तो वृक्ष नव्हता, त्याची साल कोणी पाहिली नव्हती. पाहिले होते ते फक्त काम. भोकात कोंबायचे ते बूच. पुढे इंग्रजी बाटल्या आल्या, त्यांच्या तोंडातला तो हलका तपकिरी पदार्थ हाती आला, तेव्हा त्या पदार्थालाच बूच म्हटले. आणि त्या पदार्थासारखी साल एका झाडाला दिसली, तेव्हा ते झाडही बुचाचे झाले. कामावरून वस्तू, वस्तूवरून पदार्थ, पदार्थावरून झाड आणि झाडावरून शेवटी फूल. ज्या शब्दाने तोफेत चिंध्यांचा बोळा ठासला, त्याच शब्दाने आज पुण्यात मुली वेणी गुंफतात.

चोपडीतला भेदही त्यामुळे उलगडतो. पणजोबांच्या काळी आमच्या भागात बूच हे अजून पिंपाशी निगडित होते आणि बाटलीची नाजूक वस्तू गुडदीच होती. बुचाने गुडदीची जागा नंतर बळकावली.

मूळ लेखातील तो परिच्छेद लगेच दुरुस्त करतो.

तिसरी पाळी

भाषेतले मला कळत नाही, पिंपातले कळते. तीस वर्षे एमआयडीसीत रसायनांच्या गोदामावर काढली आहेत.

आमच्या २०० लिटरच्या लोखंडी पिंपाला वरच्या बाजूवर दोन बुचे असतात : मोठे दोन इंची आणि छोटे पाऊण इंची. दोन्ही आट्यांची असतात आणि प्रत्येकाखाली वायसर असतो. कागदोपत्री त्याला ‘बंग’ म्हणतात, फोरमन ‘प्लग’ म्हणतो आणि कामगार बूच म्हणतात. छोटे बूच कशासाठी, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवावे लागते. नुसते मोठे उघडून पिंप कलते केले, तर आत हवा जायला वाट नसल्यामुळे द्रव गचके खात, उसळत बाहेर येतो आणि अंगावर उडतो. छोटे बूच आधी सैल करायचे, ‘फुस्स’ असा आवाज आला की थांबायचे, हवा मोकळी होऊ द्यायची आणि मगच मोठ्याला हात लावायचा. उन्हात राहिलेल्या पिंपाचे मोठे बूच एकदम फिरवणाऱ्या माणसाला मी एकदा डोळे धुताना पाहिले आहे. ज्वालाग्राही माल असेल तर बुचाची चावी पितळी मिश्रधातूची वापरतात; लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडू नये म्हणून.

मूळ लेखात पिंप लोळवण्याचा उल्लेख आहे. आम्हीही तेलाची पिंपे उघड्यावर ठेवायची वेळ आली की आडवी ठेवतो आणि दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी फिरवतो. त्यामुळे आतून तेल वायसरला लागून राहते, तो सुकत नाही, आणि बाहेरून पावसाचे पाणी बुचावर साठत नाही. उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साठले, की रात्री गारव्याने पिंप आत श्वास घेते आणि ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढून घेते. लाकडाचे गेले आणि लोखंडाचे आले, तरी बुचाला ओले ठेवायचे हे तंत्र तेच राहिले, हे मला आज हा धागा वाचताना उमगले.

पानसुपारी

सर्वांनी अतिशय सभ्यपणे एक अर्थ टाळला आहे, तो मीच मांडते. ‘बूच मारणे’, ‘बूच लावणे’ आणि ‘बूच बसणे’.

मुंबईत कोणी कोणाचे पैसे बुडवले की ‘त्याने पन्नास हजारांचे बूच मारले’ असे म्हणतात आणि ज्याचे बुडाले तो ‘चांगलेच बूच बसले’ असे म्हणतो. गुजराती बोलण्यातही ‘बूच मारी गयो’ असे ऐकू येते. हा प्रयोग जरा ग्राम्य आहे आणि त्याचा ग्राम्यपणा कोठून येतो ते वाचकांना सांगायला नको. आमच्या सासरी एका नातेवाइकाने ठेवींवर दामदुपटीचे आमिष दाखवणाऱ्या एका योजनेत निवृत्तीची रक्कम घातली आणि ती बुडाली. तेव्हा आमचे सोवळे, संस्कृतप्रचुर बोलणारे मामंजी ओसरीवर बसून एवढेच म्हणाले, ‘बूच बसले.’ त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून घरातले सगळे नुकसान विसरून त्यांच्याकडेच पाहू लागले.

मांडवीकाठ यांनी सांगितलेला ‘कोंबणे’ हा मूळ अर्थ येथे सर्वांत जिवंत आहे, असे मला वाटते. ‘टोपी घालणे’ या प्रयोगात फसवणूक वरून येते आणि फसलेल्याला ती दिसत नाही. बूच बसते तेव्हा मात्र ते बसल्याचे त्याला पुरते कळलेले असते. पैसे आत अडकलेले असतात आणि बाहेर यायची वाट बंद झालेली असते. कॉर्कच्या सालीवरून ही छटा कधीच निघाली नसती. इंग्लंडात गुपचूप दिलेल्या लाचेला ‘बंग’ म्हणतात, हेही जाता जाता नोंदवते. तिकडेही पिंपाचे बूच पैशांतच जाऊन बसले आहे.

शब्दच्छल

पानसुपारी यांनी ‘बूच मारणे’चा अर्थ सांगितला, तर आपल्या संस्थळावरचा अर्थ का वगळावा? एखाद्याच्या लिखाणाखाली कोणी प्रतिसाद दिला, की मूळ लेखकाला ते संपादित करता येत नाही. त्याला आपण सर्व जण ‘बूच मारणे’ म्हणतो. या अर्थात फसवणूक नाही, पैसा नाही, झाड नाही. भोक बंद झाले आणि आतले आत राहिले, एवढेच. सोळाव्या शतकातला अर्थ जसाच्या तसा.

तळटीप यांच्या मूळ लेखाखाली पहिले बूच मांडवीकाठ यांनी मारले आहे, ही वस्तुस्थिती त्यांच्या लक्षात आणून देतो. तो परिच्छेद आता दुरुस्त होणे नाही.

खडूफळा

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पेशीचा धडा आपण सर्व जण ज्या वाक्याने सुरू करतो त्यात बूच आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील कप्प्यांना नाव दिले. दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, बुचाचा काप म्हणजे कसला?’ कारण त्याच्या माहितीतले बूच प्लास्टिकचे असते आणि प्लास्टिकमध्ये पेशी कशा असतील, ही त्याची शंका रास्त असते. तळटीप म्हणतात तो पदार्थाचा अर्थ नव्या पिढीकडून निसटत चालला आहे आणि कामाचा अर्थ तेवढा उरला आहे. म्हणजे शब्द फिरून मूळ जागी आला. गेल्या वर्षी मी एका बाटलीचे खरे बूच मिळवून दाढीच्या पात्याने त्याचे काप काढले आणि मुलांना दाखवले. एका मुलीने विचारले की, कप्पे रिकामे का आहेत? सालीतल्या पेशी मेलेल्या असतात, आत हवाच असते आणि म्हणूनच बूच हलके असते व दाबले तर दबते, हे तिला सांगताना माझाही धडा पक्का झाला.

दुसरी गोष्ट सोड्याच्या बाटलीची. गोटीसोड्याच्या बाटलीची कल्पना हिरम कॉड या इंग्रजाने काढली आणि १८७२ साली तिचे पेटंट घेतले. त्यात वायूच्या दाबाने काचेची गोटी आतून वर येऊन तोंड बंद करते. हे काम बुचाचेच आहे; तरी तिला कोणी बूच म्हटल्याचे मी ऐकले नाही. गोटी ती गोटीच राहिली, कदाचित खेळातली ओळख जास्त जुनी असल्यामुळे. त्यानंतर दातेरी कडांचे पत्र्याचे झाकण आले. त्याचे अमेरिकेतील पेटंट विल्यम पेंटरचे, १८९२ सालचे. हे झाकण बाटलीत शिरत नाही, वरून बसते. तरीही आम्ही मुले त्याला बूच म्हणायचो. ती बुचे दगडाने ठेचून सपाट करायची, मध्ये खिळ्याने दोन भोके पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी ताणून गरगर फिरवायची. ठेचताना पत्र्याच्या आतून एक पातळ तपकिरी चकती सुटून यायची, ती आम्ही फेकून द्यायचो. ती कॉर्कची होती. त्या झाकणाला बूच म्हणणे त्या काळापुरते तरी शब्दशः खरे होते.

तळटीप

कालच्या रविवारी पुन्हा गावी गेलो. चोपडीतला ‘दट्ट्या १’ कसला, याचा शोध घ्यायचा होता. तो बहुधा रॉकेलच्या हातपंपाचा असावा, कारण पुढच्याच पानावर ‘पंपास कातडे’ अशी नोंद आहे. दट्ट्या म्हणजे नळीत मागेपुढे सरकणारा. बूच आणि गुडदी जागच्या जागी बसणाऱ्या. त्यामुळे ती नोंद वेगळी असणे योग्यच होते.

पिंपही सापडले. गोठ्यामागे पडवीत अर्ध्याहून अधिक फळ्या निसटलेल्या अवस्थेत पडले आहे आणि लोखंडी पट्ट्या गंजून गेल्या आहेत. ज्या फळीला भोक आहे ती मात्र शाबूत आहे आणि बूच अजून त्यात बसलेले आहे. ते ओढून निघेना. शेजारच्या सुतारकाकांनी फळी मांडीवर आडवी धरली आणि बुचाला हातही न लावता त्याच्या दोन्ही बाजूंना, फळीवर, लाकडी हातोडीने एकेक टोला दिला. तिसऱ्या-चौथ्या टोल्याला बूच आपोआप वर उडाले. ही युक्ती कोठे शिकलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘बुचाक मारलास तर ता आत जाता. फळयेक मारूचा.’

बूच फणसाच्या लाकडाचे आहे, असे काकांचे म्हणणे आहे. वरचा व्यास मोजला, तो सव्वादोन इंच भरला. खाली ते निमुळते होत गेले आहे. आणि त्याच्या भोवती, तेलाने काळी पडलेली, बोटभर रुंदीची गोणपाटाची पट्टी तीन वेढे देऊन गुंडाळलेली आहे. भोक आणि लाकूड यांच्यातली फट भरण्यासाठी ती घातली असणार. म्हणजे लाकडाच्या बुचालाही शेवटी बोळाच लागला.

मूळ लेखात ‘त्या सालीपासून केलेले ते बूच’ असे जे वाक्य आहे ते चुकीचे आहे. वाचकांनी ते दुरुस्त करून वाचावे. मला आता ते करता येत नाही.